खाली माझा नंबर

१४ जानेवारी

मान बसत नव्हती. डोकं पासपोर्टच्या फोटोतलं, नाकासमोर पाहणारं. धड केंटेचं रंगीत वस्त्र पांघरलेलं, जरासं डावीकडे वळलेलं. हनुवटीखाली आणखी थोडं कापलं, वस्त्राची कड वर ओढली, कडा पुसट केल्या. बसली. मागे सोनेरी ढग, ढगांत जाणाऱ्या पायऱ्या, कबुतरं. वर ‘प्रभूने घरी बोलावले’.

माझ्याकडे अशी सात धडं आहेत. कुणाकुणाच्या लग्नातल्या फोटोंतून कापून घेतलेली. केप कोस्टमध्ये गेल्या काही वर्षांत वारलेली निम्मी माणसं या सात धडांवर, अंत्यविधीच्या पोस्टरांतून, भिंतींना चिकटली आहेत.

कोबिना एसेलची बायको आणि भाऊ पोस्टर पाहायला आले. एसेल कोळी होता. भाऊ खूश झाला.

“बघ वहिनी, राजा दिसतोय राजा.”

बाई पुढे वाकली. मग पडद्यावर बोट ठेवून म्हणाली, “हा डावा हात कोणाचा?”

एसेलला डावा हात नव्हता. मला कोणी सांगितलं नव्हतं.

“असू दे की,” भाऊ म्हणाला. “तिकडे गेल्यावर मिळाला असेल परत.”

“मग तिकडेच लाव पोस्टर,” ती म्हणाली.

माझ्या बायकोने, एकुवाने, शिलाई मशीन थांबवलं. बाईला स्टुलावर बसवलं, पाणी दिलं आणि विचारलं, हात कसा गेला. होडीच्या इंजिनाच्या पंख्यात, लग्नाच्या आधी. एका हाताने तो जाळं कसं ओढायचा, दुसरं टोक दातात कसं धरायचा, आणि लग्नाचं विचारायला आला तेव्हा दातात धरलेली दोरी सोडायला कसा विसरला होता, हे सगळं बाईने सांगितलं. दोघी पोट धरून हसल्या. मला फाइल छापखान्यात पाठवायची होती.

शेवटी भावाचं चाललं. दोन हातांसकट छापायला गेलं. खाली नेहमीप्रमाणे माझं नाव आणि फोन नंबर.

१९ जानेवारी

कोतोकुराबाच्या बाजारात एसेल दिसला. शेजारी, त्याच धडावर, एक निवृत्त शिक्षक. दोघांच्या बोटात एकच अंगठी. लोक त्यांच्यासमोर टोमॅटो विकत होते. कोणाच्या लक्षात आलेलं नाही. किंवा आलं आहे आणि कोणाला त्याचं काही वाटत नाही. यांतलं काय वाईट, मला कळेना.

घरी येऊन एकुवाला सांगितलं, यापुढे ज्यात मला आनंद वाटेल तेवढंच काम घेणार. बाकीच्यांना नाही म्हणायचं.

“आनंद कशात वाटतो ते ठरलंय का?”

“ते शोधायचं.”

“शोध. पण आधी जेवून घे.”

२६ जानेवारी

अक्राहून नाआ देदेई नावाच्या बाईंचा फोन. घानाच्या कोकोचं इथेच चॉकलेट करून बाहेर विकणारी नवी कंपनी. मालक रॉटरडॅमला. त्यांना वेष्टन हवं आहे. कॉलेजात असताना मी काढलेली झाडांच्या सालींची रेखाटनं त्यांनी कुठेतरी पाहिली होती. म्हणाल्या, “मला पोस्टरवाला नकोय. कलाकार हवाय.” हे वाक्य मी दिवसभर मनात धरून होतो.

करारात अट आहे: जुलै संपेपर्यंत दुसऱ्या कोणाचंही काम करायचं नाही. एवढ्या आदराने मला कोणी बांधून घेतलं नव्हतं. सही केली.

एकुवाने कागद दोनदा वाचला. “यात निवडलंय कोणी? तू त्यांना, की त्यांनी तुला?”

“तुला या धंद्यातलं कळत नाही.”

“खरंय,” ती म्हणाली, आणि दोरा दाताने तोडला.

२ फेब्रुवारी

बकानोला समुद्रासमोर वरच्या मजल्यावर एक खोली घेतली. टेबल, खिडकी, मीठ धरलेलं कुलूप. घरी बसलो तर मेलेल्यांचे नातेवाईक दारात येणारच. कंपनीच्या आगाऊ रकमेतून नवा लॅपटॉप घेतला. जुना कॉम्प्युटर घरीच ठेवला. ती सात धडंही त्यातच राहिली. त्यांचा निरोप घेताना बरं वाटलं.

निघताना एकुवाने विचारलं, “लोक आले तर काय सांगू?”

“सांग, एबो आता हे काम करत नाही.”

“एबो करत नाही,” ती म्हणाली. “बरं.”

९ फेब्रुवारी

खूप दिवसांनी हाताने काम केलं. कोकोची शेंग समोर ठेवली आणि पेन्सिलीने तिच्या पन्हळी काढत राहिलो. शेंगेला दोन बाजू सारख्या नसतात. एका बाजूला ती झाडाला टेकलेली असते, तिथे कातडी गुळगुळीत राहते. हे मी कधी पाहिलं नव्हतं. दुपारी समुद्रावरून आवाज येत होते ते एकदम ऐकू आले, तेव्हा कळलं की आत्तापर्यंत ऐकू येत नव्हते. हेच ते. यासाठीच मी हे शिकलो होतो.

घरी आलो तर मोठी आई आलेली. मोठी आई म्हणजे आईची थोरली बहीण, अज्वा अचेरे. आई गेल्यापासून तीच. बाजारात केंकी विकते, आंबवलेल्या मक्याच्या पिठाची. येताना केळीच्या पानांत बांधलेले केंकीचे गोळे टोपलीभर घेऊन येते आणि आम्ही दोघांनी ते तिच्यासमोर संपवावेत असा तिचा आग्रह असतो. आमच्या हिरव्या दारासमोर पाय पसरून बसली होती. एकुवा फोनवर तिचा फोटो काढत होती.

“दात झाकू का गं?” मोठी आई विचारत होती.

“आहेत कुठे झाकायला?”

मोठी आई तोंड पूर्ण उघडून हसली. दाराचा रंग फार उडाला आहे. रंगवायला हवं.

१५ फेब्रुवारी

रेखाटनं अक्राला पाठवली. नाआ देदेई म्हणाल्या, सुंदर. रॉटरडॅमला दाखवतात.

घरची खुर्ची बिघडली आहे. संध्याकाळी बसलो की गुडघे छातीशी येतात. वर ओढून ठेवतो, दुसऱ्या दिवशी पुन्हा खाली. आतला गॅस गेला असावा. एकुवाला सांगितलं, दुरुस्तीवाल्याला बोलव. म्हणाली, “तशी काही बिघडलेली वाटत नाही मला.”

एक गोष्ट बरी झाली. मी नाही म्हणालो म्हणून गावात कोणी रागावलेलं नाही. मला वाटलं होतं लोक दारात येऊन भांडतील. उलट रस्त्यात जास्तच प्रेमाने हात हलवतात. काल एसेलची बायको भेटली. म्हणाली, “घरी सांगा, मी येऊन गेले.” माणूस ठाम राहिला की त्याला मान मिळतो, हे मी उशिरा शिकलो.

एकुवाकडे मात्र शिवणकाम कमी झालेलं दिसतं. मशीनवर कापड दिसत नाही. मी काही बोललो नाही. तिला वाईट वाटेल.

२० फेब्रुवारी

रॉटरडॅमचं उत्तर: छान आहे, पण अधिक आफ्रिकन करता येईल का.

मी केप कोस्टमध्ये बसलो आहे. याहून अधिक कुठे जाऊ?

बेंटिल मामा जिने चढून खोलीवर आले. आमच्यात कूळ आईकडून चालतं; आता तेच कुळाचे वडील आहेत. माझा पहिला कॉम्प्युटर त्यांनी घेऊन दिला होता, कुळात कोणी वारलं तर पोस्टरसाठी बाहेर जावं लागू नये म्हणून. धापा टाकत खिडकीशी बसले.

“इथून समुद्र दिसतो.”

“हो मामा.”

“समुद्र पोस्टर कर म्हणत नाही. म्हणून इथे येऊन बसलास होय, भाचेराव?”

मी त्यांना शेंगेची रेखाटनं दाखवली. त्यांनी कागद उलटा करून पाहिला, सुलटा करून पाहिला. “ही शेंग आहे,” म्हणाले. “चांगली आहे. एकुवा कशी आहे?”

“बरी आहे. शिवणाचं काम जरा मंदावलंय.”

मामा माझ्याकडे पाहत राहिले. “डोळे धड आहेत ना तुझे? एवढं बारीक काम करतोस म्हणून विचारलं.”

म्हणालो, चष्मा नवीनच आहे.

२७ फेब्रुवारी

अबुराच्या चौकात थांबलो. भिंतीवर नेहमीची रांग. ढग, पायऱ्या, कबुतरं. मध्ये एक वेगळं.

याम्वा नावाचा ट्रक ड्रायव्हर. केंटे नाही. स्वतःच्या अंगणात, स्वतःच्या बनियनवर, खांद्यावर पिवळा टॉवेल टाकून उभा. वर अर्धा कागद कोरा. ना ‘घरी बोलावले’, ना ‘काय हा आघात’. फक्त नाव, आणि खाली एक ओळ: ‘रात्री गाडी चालवताना मोठ्याने गायचे. आवाज वाईट होता.’

त्या कोऱ्या जागेकडे मी किती वेळ पाहत होतो कोण जाणे. ती जागा सोडायला धैर्य लागतं. गिऱ्हाईक लगेच म्हणतं, इथे काहीतरी टाका. मी कधीच सोडू शकलो नाही.

अक्षरं मात्र कच्ची आहेत. जाडी सारखी नाही, ओळ डावीकडे झुकते. आणि खाली नाव नाही, नंबर नाही. कोणी नवशिका असावा. नवशिका असेल तर ही जागा त्याच्याकडून चुकून सुटली असेल. असं मनाला सांगितलं. पटलं नाही.

२ मार्च

मुखवटा. ढोल. मावळता सूर्य. सूर्य थोडा मोठा. ढोल थोडा लहान. फाइलच्या नावात आता ‘शेवटची’ हा शब्द तीनदा आहे.

शेंग गेली. नाआ देदेई म्हणाल्या, “शेंग कोणाला ओळखू येत नाही. पण तुझी रेषा आम्हाला फार आवडते.” विचारलं, मग रेषा कुठे आहे यात? म्हणाल्या, “ती जाणवते.” बाई वाईट नाहीत. त्यांनाही कोणीतरी विचारत असणार.

करार मोडला तर आगाऊ रक्कम परत द्यावी लागेल. ती लॅपटॉपमध्ये आणि या खोलीत गेली आहे. म्हणजे ज्या खोलीत मोकळं व्हायला आलो त्या खोलीने मला धरून ठेवलं आहे. हे वाक्य लिहून पाहिलं तर फार नीटनेटकं वाटतं. प्रत्यक्षात तसं काही नाही. नुसता उकाडा आहे, आणि सूर्याचा आकार ठरत नाही.

छापखान्यात क्वेनूकडे जाऊन आलो. तो गावातली सगळी पोस्टर्स छापतो.

“एबो, हल्ली तुमच्या घरचं काम बघवतं रे बाबा.”

“अक्राचं काम इथे छापलं जात नाही.”

“अक्राचं,” तो म्हणाला. “हो हो, अक्राचं.”

मी याम्वाच्या पोस्टरबद्दल विचारलं. कोण करतो? त्याने शाईचे हात पुसले. “नाव मी कशाला सांगू? इथलंच आहे कोणीतरी. तुझ्याहून बुटकं.”

एवढ्यात ती तशी पाच-सहा पोस्टर्स लागली आहेत. एक शाळेतली शिपाईण, हातात घंटा. एक म्हातारा, पाठमोरा, समुद्राकडे जाणारा. खाली ओळ: ‘चेहऱ्याचा फोटो कधी काढू दिला नाही.’ हे वाचून मी रस्त्यात हसलो. मग राग आला. कुणाला तरी माझ्याच गावात, मी टाकून दिलेल्या कामात मजा येते आहे.

६ मार्च

मोठी आई गेली. सकाळी, बाजारात. एका गिऱ्हाइकाला केंकी दिली, दुसऱ्याला देण्याआधी पाटावर टेकली. दुसरं गिऱ्हाईक थोडा वेळ थांबलं होतं, तिला डुलकी लागली असेल असं वाटून.

एकुवाने फोन केला तेव्हा मी सूर्य लहान करत होतो. काम पुरं करून फाइल पाठवली आणि मग निघालो. हे इथेच लिहितो. दुसरीकडे कुठे सांगता येणार नाही.

१० मार्च

बेंटिल मामा पोस्टरचं बोलायला आले. त्यांनाही रडू येत होतं, पण रडण्याआधी कामं उरकायची अशी त्यांची पद्धत.

“मामा, मला करता येणार नाही. करार आहे. जुलैपर्यंत दुसरं काम नाही.”

“आणि तिने जुलैपर्यंत थांबायचं, असं लिहिलंय का त्यात?”

“तसं नाही मामा.”

“नाही, दाखव. कुठल्या कलमात आहे, मोठी आई मरणार नाही म्हणून?”

करार हे कारण नव्हतं. त्यांना नियमाप्रमाणे तेच लागणार: कुळाच्या वडिलांचं नाव सगळ्यात वर, सोनेरी ढग, केंटे. बायकांच्या तीन धडांपैकी एकावर मला मोठ्या आईचं डोकं बसवावं लागणार. मान कापावी लागणार. ते हातून होणार नव्हतं. पण हे म्हणालो नाही. करार म्हणालो.

मामा उठले. एकुवा दारातच उभी होती. त्यांनी तिच्याकडे पाहिलं.

“राहू दे. घरातच होईल,” ते म्हणाले.

मला वाटलं, चुलत भावंडांपैकी कोणीतरी. सुटल्यासारखं वाटलं, आणि त्या वाटण्याची किळस आली.

१३ मार्च

मोठी आई जाऊन आठवडा झाला, त्याची बैठक. आमच्यात देह शवागारात ठेवून अंत्यविधी काही आठवड्यांनी होतो; त्याची तारीख आज ठरते. सगळं कुळ काळ्या कपड्यांत अंगणात बसतं. मी तासभर बसलो. मग रॉटरडॅमची बैठक होती. काळे कपडे तसेच ठेवून खोलीवर गेलो आणि पडद्यासमोर बसलो. तिकडचा एक जण म्हणाला, “शर्ट छान आहे.” मी आभार मानले.

परत आलो तोवर खुर्च्या आवरल्या होत्या. तारीख एक एप्रिल. पोस्टरचं काय झालं, कोणी मला सांगितलं नाही. मीही विचारलं नाही. अंगणात म्हाताऱ्या बायका एकुवाभोवती बसल्या होत्या. मी जवळ गेलो तशा गप्प झाल्या. मला वाटलं, माझी लाज वाटली असेल त्यांना.

२० मार्च

दुपारी नाआ देदेईंचा संदेश. ताकोराडीला जाताना केप कोस्टमध्ये गाडी थांबवली होती. एक फोटो पाठवला आहे. खाली लिहिलं आहे: ‘हे बघ! इतके दिवस आपण हेच शोधतोय. कोणी केलंय शोधून काढ. ही बाईसुद्धा हवी वेष्टनावर. तिच्या घरच्यांची परवानगी मिळेल ना?’

फोटो मोठा केला.

वर अर्धा कागद कोरा. खाली मोठी आई, पाय पसरून, तोंड पूर्ण उघडून हसणारी. एकही दात झाकलेला नाही. मांडीवर केळीची पानं. मागे हिरवं दार, रंग उडालेलं. कडीखालचा तो ओरखडा मी कॉम्प्युटर आत नेताना पाडला होता.

नावाखाली ओळ: ‘आधी खा, मग बोल, असं म्हणायची. ऐकावं लागायचं.’

आधी एवढंच डोक्यात आलं की दार रंगवलं नाही ते बरं झालं. मग बाकीचं एकेक करून आलं. खुर्ची. मशीन. एसेलची बायको. तुझ्याहून बुटकं.

नाआ देदेईंना उत्तर लिहायला घेतलं. लिहिलं: ‘शोधायची गरज नाही. हे मीच केलंय.’ ते वाक्य बराच वेळ पडद्यावर होतं. सगळं सुटलं असतं. रेषा जाणवते म्हणाल्या असत्या, आणि यावेळी खरं असतं. खिडकीबाहेर होड्या येत होत्या. पुसलं.

घरी गेलो. दुपारी मी घरी येत नाही. एकुवा खुर्चीवर होती, पाय जमिनीला नीट टेकलेले. पडद्यावर कोणी अनोळखी बाई, डोक्यावर बर्फाची पेटी घेतलेली. समोर तिची मुलगी बसली होती आणि तिची आई गिऱ्हाइकांना कशा शिव्या द्यायची हे सांगत होती. मी दारात उभा राहिलो. मुलीचं सांगून होईपर्यंत दोघींनीही माझ्याकडे पाहिलं नाही.

मुलगी गेल्यावर एकुवा म्हणाली, “खुर्ची वर करू का?”

“कधीपासून?”

“तू बकानोला गेलास त्याच्या दुसऱ्या दिवसापासून. एसेलची बायको आली होती. तिच्या बहिणीचा नवरा गेला, याम्वा. म्हणाली, याला तरी स्वतःचे हात द्या.”

“मला सांगितलं नाहीस.”

“लपवलं कुठे? तुझ्या खुर्चीवर बसत होते, तुझ्या घरात. सगळ्या गावाला माहितीये. तू संध्याकाळी यायचास तो रॉटरडॅम बोलत. कलाकारसाहेब, एकदा तरी विचारलंस, दिवसभर काय केलंस म्हणून?”

विचारलं नव्हतं.

“ती धडं कुठे आहेत?”

“आहेत तिथेच. मला लागली नाहीत.”

“आणि मामांनी हे कसं चालू दिलं? ढग नाहीत, कुळाच्या वडिलांचं नाव इतकं खाली?”

“मामा नाहीच म्हणाले आधी. म्हणाले, पोरी, तू या कुळाची नाहीस, तुला नियम माहीत नाहीत. मी म्हटलं, खरंय, मग नुसतं बघा. अंगणात ठेवला कागद. बाजारातल्या म्हाताऱ्या आल्या. त्यातली एक कागदालाच म्हणाली, ‘अज्वा, त्या दिवशी तुझ्याकडून घेतलेली पानं परत करायची राहिली गं.’ मग मामांनी नियम काढला नाही.”

मी तिला अक्राचा संदेश दाखवला. तिने सावकाश वाचला. मी म्हणालो, मोठं काम आहे. तुझं नाव होईल. माझ्या जागी तू ये, मी सांगतो त्यांना.

“मोठी आई चॉकलेट खायची?”

“नाही.”

“मग ती काय करतेय त्यावर? नको.”

“विचार तरी कर.”

“केला. मला यात मजा येते, एबो. लोक येतात, बसतात, रडतात, मग काहीतरी भलतंच सांगतात, आणि ते मला कागदावर दिसायला लागतं. जे आल्या आल्या म्हणतात राजासारखा करा, त्यांना मी क्वेनूकडे पाठवते, तो करतो ढगवालं. मला नाही म्हणायला आवडतं,” ती हसली. “तुझ्याकडूनच शिकले.”

मी त्या खाली आलेल्या खुर्चीवर बसलो. गुडघे छातीशी आले.

२३ मार्च

नाआ देदेईंना कळवलं: डिझायनर सापडली. ती असं काम घेत नाही. घरचेही परवानगी देणार नाहीत. थोड्या वेळाने उत्तर आलं: वाईट वाटलं. मग सोमवारपर्यंत तू तसंच काहीतरी कर. हसरी म्हातारी, दुसरी कोणी. सूर्य राहू दे.

जुलैपर्यंत मी तिथेच आहे. चार महिने सूर्य.

मोठ्या आईच्या पोस्टरची पहिली खेप संपली. मामांना आणखी हवी आहेत. काल एकुवा म्हणाली, “छापायच्या आधी नाव तू काढून दे. हाताने. माझी अक्षरं पडतात.”

“करार आहे,” मी म्हणालो, सवयीने.

“खाली कोणाचं नाव नसतं. कोणाला कळणार?”

आज बकानोला गेलो नाही. अंगणात पाटावर कागद ठेवला. अज्वा अचेरे. ब्रश जुना, शाई क्वेनूकडची. पहिल्या अक्षराची गोलाई तीनदा काढली. मग आठवलं, मोठी आई पान दुमडायची तेव्हा अंगठा कसा फिरवायची. एकाच ओढीत, शेवटी जरा दाबून. तसा हात फिरवला. बसलं. उरलेली अक्षरं त्याच्या मागोमाग आली. एकुवा मागून पाहत होती. तिने बोट ठेवून दाखवलं तिथे शेवटचं अक्षर मी थोडं उचललं. तिचंच बरोबर होतं.

समुद्राचा आवाज मधूनच ऐकू आला.

२४ मार्च

क्वेनूने रात्रीतच छापून दिली. सकाळी खळीची बादली मी धरली. एकुवा ब्रश मारत पुढे. कोतोकुराबाच्या भिंतीवर जागा नव्हती, म्हणून एसेलवर लावायचं ठरलं. त्याचा अंत्यविधी केव्हाच झाला आहे. आधी त्याचा डावा हात झाकला गेला, मग ढग, मग तो. मोठ्या आईचं पोस्टर उंचीला कमी आहे. खाली एक पट्टी उघडी राहिली: माझं नाव आणि नंबर.

म्हणालो, त्यावर कोरा कागद चिकटवतो.

“राहू दे,” एकुवा म्हणाली. “लोकांना फोन कुठे करायचा ते तरी कळेल.”

पुढच्या भिंतीपाशी पोचण्याआधीच फोन वाजला. कोणी म्हातारा होता, बायको गेलेली, त्या हसणाऱ्या पोस्टरसारखं करून मिळेल का विचारत होता. माझे हात खळीचे होते. मी म्हणालो, थांबा, तिला देतो.